लाठी जमा नाही : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या कुटुंबांची प्रलंबित प्रकरणे

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. २०२१ मध्ये संशोधकांनी तिचे नाव ठेवले ‘इसियस तुकारामी’. हे तुकाराम म्हणजे तुकाराम ओंबळे. शास्त्रीय नावाचे एक बरे असते. सरकार बदलले म्हणून ते बदलत नाही, आणि रस्तारुंदीत त्याची पाटी काढून गोडाऊनमध्ये टाकावी लागत नाही. एवढी मोठी गोष्ट आपल्याच गावाशेजारी घडली, पण ठाण्यात दहा जणांना विचारा, नऊ जणांच्या गावी नसेल.

ओंबळे कोण, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. तरी थोडे लिहितो, कारण आता कॉलेजात जाणारी मुले २६ नोव्हेंबर २००८ ला एक तर जन्मली नव्हती किंवा पाळण्यात होती. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. आधी लष्करात नोकरी, मग मुंबई पोलिसांत. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात ते सहायक उपनिरीक्षक होते. मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत दहशतवाद्यांची ती स्कोडा गाडी अडवली गेली, तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. समोरच्याकडे एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली ती गोळ्या पोटात गेल्या तरी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. तो जिवंत सापडला नसता तर कट कुठे शिजला, हे कोर्टात सिद्ध करणे किती अवघड गेले असते, ते आपण जाणता. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीवर पुतळा उभा राहिला. केडंब्यात स्मारकासाठी २०२५ मध्ये सरकारने तेरा कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. हे सगळे योग्यच झाले, उलट उशिरा झाले.

पण हे पत्र पुतळ्यासाठी नाही. पुतळा उभा करायला कुणी ना कुणी पुढे येतोच. मला बोलायचे आहे ते फायलीबद्दल.

मी पोलीस नव्हतो. पोलीस खात्यात लिपिक होतो, निवृत्त होऊन आता कळव्यात राहतो. वर्दीतली माणसे आम्हाला ‘मिनिस्ट्रियल’ म्हणतात, आणि मनात असले की ‘कागदी घोडे’ही म्हणतात. पगारबिले, रजेचे हिशेब, सेवापुस्तके, पेन्शनची प्रकरणे, यात माझा जन्म गेला. कोणत्या घटकात, म्हणजे कोणत्या आयुक्तालयात की जिल्ह्यात, होतो ते मुद्दाम लिहीत नाही. एका कचेरीकडे बोट दाखवायचे नाही. मी सांगतो तसे राज्यात कुठेही घडू शकते.

एक हवालदार रात्रीच्या नाकाबंदीवर होते. हात दाखवला तरी टेम्पो थांबला नाही, त्यांना उडवून गेला. सकाळपर्यंत सगळे आटोपले. मानवंदना झाली, हवेत फैरी झाडल्या, मोठे साहेब आले, पेपरात फोटो आला. तेरावे झाल्यावर त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळी कागदपत्रे होती : मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, मुलांचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक. कागद नीट लावलेले होते. पोलिसाच्या घरातली बाई, तिला कागदाची किंमत ठाऊक असते.

पैसे सुटायला ना देय दाखला लागतो. म्हणजे मृताकडे सरकारचे काही येणे नाही, असे सगळ्या शाखांनी लिहून द्यायचे. पतसंस्था, कँटीन, वाचनालय, शस्त्रागार, भांडार. भांडाराचा कागद परत आला. हेल्मेट १, जमा. रेनकोट १, जमा. शिट्टी व दोरी १, जमा. आणि खाली लाल शाईत शेरा : ‘लाठी जमा नाही. किंमत वसूल करावी किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत.’

लाठी होती कुठे? अपघाताच्या पंचनाम्यात. टेम्पोखाली तिचे दोन तुकडे झाले होते आणि ते तुकडे तपासी अधिकाऱ्याने मुद्देमाल म्हणून लाखेचे सील करून ठेवले होते. खटला चालू, त्यामुळे मुद्देमाल सुटणार नाही. भांडार म्हणणार, वस्तू आमच्या नोंदवहीवर आहे, ती खर्ची टाकायला आदेश द्या. आदेश देणारे म्हणणार, संबंधित ठाण्याचा अहवाल मागवा. ठाणे म्हणणार, न्यायालयाची परवानगी लागेल. प्रत्येकाचे म्हणणे नियमाला धरून होते, साहेब. यातला एकही माणूस वाईट नव्हता. भांडारातला जमादार तर त्या हवालदारांच्याच बॅचचा, अंत्ययात्रेत खांदा दिलेला.

बाईंना हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “काठीचे किती पैसे होतात हो भाऊ? मी भरते, पण पोरांची फी अडकलीय.”

पुढे एका वरिष्ठांनी फाईल मागवून घेतली आणि एका ओळीत विषय संपवला. चांगला अधिकारी होता. पण तो नसता तर? दरम्यान क्वार्टरची मुदत संपत आली होती. मुदत वाढवून मिळते, नाही असे नाही. पण ती मागावी लागते, दर वेळी अर्ज करावा लागतो, आणि अर्जासोबत ‘अद्याप देयके प्रलंबित असल्याबाबत’ आमच्याच कचेरीचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे उशीर आम्ही करायचा आणि उशीर झाला हे त्या बाईंनी आमच्याकडूनच लिहून घ्यायचे.

आपण म्हणाल, हा खालच्या पातळीवरचा किरकोळ घोळ आहे. मग वरच्या पातळीवरचे बघू. हेमंत करकरे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख होते, २६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री ते मारले गेले. त्यांच्या अंगातले बुलेटप्रूफ जाकीट रुग्णालयातून गहाळ झाले. त्याचे काय झाले, हे कळण्यासाठी कविता करकरे यांना माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला. त्याच रात्री मारले गेलेले दुसरे अधिकारी अशोक कामटे यांच्यापर्यंत मदत का आणि कशी पोचली नाही, हे समजून घेण्यासाठी विनिता कामटे यांनी याच कायद्याने नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या. नवरे पोलीस दलाच्या अगदी वरच्या फळीतले, देशभर नाव झालेले. त्यांच्या बायकांना स्वतःच्या नवऱ्याच्या मरणाचे कागद मिळवायला अर्ज करावे लागले. मग कळव्याच्या नाहीतर कोपरखैरण्याच्या हवालदाराच्या बायकोने कुणाकडे जायचे?

आता थोडे आमच्या भागाबद्दल. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ चे, नवी मुंबईचे १९९४ चे. त्यानंतर इथे वस्ती किती वाढली, ते घोडबंदर रोडवर संध्याकाळी सात वाजता गाडीत बसून बघावे. दहीहंडीला जांभळी नाका, नवरात्रात टेंभी नाका, विसर्जनाला तलावपाळी, आणि रोजच्या रोज तीन हात नाका, माजिवडा, मुंब्रा बायपास, तुर्भे, कळंबोली. प्रत्येक ठिकाणी वर्दीतले कुणीतरी धुरात, उन्हात, पावसात उभे आहे. मुंबईत नोकरी करणारे कितीतरी पोलीसही घर परवडत नाही म्हणून आमच्याकडेच राहतात. रात्रपाळी करून पहिल्या गाडीने कल्याण, बदलापूरला परतणारा, दाराशेजारच्या पत्र्याला डोके टेकून झोपलेला माणूस लोकलच्या प्रवाशांना पाठ झालेला आहे.

या माणसाला गोळी लागत नाही. तो मरतो तो वेगळ्या कारणांनी. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत एका वाहतूक पोलिसाने गाडी अडवली, तर चालकाने त्याला बॉनेटवर घेऊन सुमारे वीस किलोमीटर गाडी पळवली. नशीब बलवत्तर म्हणून तो वाचला. २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट मुलाला अडवले आणि डोक्यात फटका बसून त्यांचा जीव गेला. ते ड्युटीवर गेले यात कुणाला शंका नव्हती. पण बंदोबस्तात चौदा तास उभा राहून छातीत कळ येऊन पडलेला हवालदार? कागदावर तो ‘नैसर्गिक मृत्यू’ होऊन बसतो. २०२३ च्या त्याच एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर कार्यक्रमाला आलेली माणसे उष्माघाताने दगावली. बंदोबस्त त्याच उन्हात उभा होता, आणि पाणी प्यायला जागा सोडायची त्याला परवानगी नसते.

याला सरकारकडे तोडगा नाही, असे मात्र म्हणू नका. २०२० मध्ये आपल्याच राज्याने तो काढला होता. कोरोनात पंचावन्न वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितले आणि ड्युटी करताना लागण होऊन मृत्यू आला तर कुटुंबाला पन्नास लाख जाहीर केले. तिथे ना गोळी होती ना बॉम्ब. तरी सरकारने मान्य केले की हा माणूस नोकरीमुळे गेला. साथ ओसरली आणि तो विचारही ओसरला. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तिचेही तसेच. तिचे कौतुक सगळ्यांनी केले, पण सण आला, सभा आली, मंत्र्यांचा दौरा आला की ती गुंडाळून ठेवली जाते. आपल्या दौऱ्याचाही यात वाटा आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

माझे मागणे फार मोठे नाही. निधी लागणार नाही, समिती तर मुळीच नको. ज्या दिवशी मानवंदना होते त्या दिवशी त्या कुटुंबासाठी एक अधिकारी नावानिशी नेमावा. ‘पोलीस कल्याण शाखेशी संपर्क साधावा’ असे नको. कल्याण शाखा आहे, निधी आहे, पण तिथेही पिशवी घेऊन बाईलाच जावे लागते. नेमलेल्या अधिकाऱ्याने घरी जावे, कागद स्वतः गोळा करावेत, पेन्शन, विमा, भविष्य निर्वाह निधी, अनुकंपा नोकरीची यादी, सगळे आपल्या सहीने पुढे ढकलावे. त्याची बदली झाली तर जाण्याआधी नव्या अधिकाऱ्याला घेऊन त्या घरी जाऊन ओळख करून द्यावी. लष्करी जवानाच्या विधवेसाठी जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असते, तिला निदान एक दार माहीत असते. पोलिसाच्या विधवेला एक माणूस द्या, दार नसले तरी चालेल.

आणि भांडाराचा तो कागद कुटुंबाच्या वाट्याला येऊच देऊ नका. कर्तव्यावर गेलेल्या माणसाची लाठी, हेल्मेट, बूट, जे काय असेल ते घटकप्रमुखाने आपल्या अधिकारात खर्ची टाकावे. क्वार्टर धाकट्या मुलाचे शिक्षण होईपर्यंत आपोआप राहावे, अर्ज न करता. बंदोबस्तात किंवा सलग ड्युटीत आलेला मृत्यू कर्तव्यावरचा धरायचा की नाही, याचा निर्णय ठराविक दिवसांत व्हावा आणि नाही म्हणायचे असेल तर कारण लेखी द्यावे. शासन निर्णयाचा मसुदा करायला कुणी लागला तर मी आहे. अशा भाषेत लिहायचा सराव अजून सुटलेला नाही.

२१ ऑक्टोबर जवळ येतोय. १९५९ मध्ये लडाखला हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले, त्यांच्या आठवणीसाठी हा दिवस देशभर पाळतात. वर्षभरात देशात ड्युटीवर गेलेल्या पोलिसांची नावे त्या दिवशी वाचून दाखवली जातात. ती यादी ऐकायला मी बरीच वर्षे मैदानाच्या कडेला उभा राहिलो. वाचणारा अधिकारी नाव, हुद्दा, घटक एवढेच वाचतो, आणि प्रत्येक नावामागची फाईल कुठल्या टेबलावर अडली असेल, याचा मी हिशेब करत असे. धंद्याची सवय, दुसरे काय.

या वर्षी आपण पुष्पचक्र वाहायला जाल, तेव्हा गेल्या तीन वर्षांच्या यादीतल्या महाराष्ट्राच्या नावांपुढे एक रकाना जोडून मागवा : कुटुंबाची सर्व देयके अदा झाली, होय किंवा नाही. ‘नाही’ असेल तिथे कोणाकडे प्रलंबित आहे, त्या अधिकाऱ्याचे नाव. हा तक्ता दोन दिवसांत तयार होतो. अर्धा मी स्वतः सांगून करून घेतला असता.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, पोलीस आयुक्त, ठाणे, पोलीस आयुक्त, नवी मुंबई. तिन्ही प्रती रजिस्टर टपालाने पाठवल्या आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त लिपिक
कळवा, ठाणे