नाव नवे, पण मुलांच्या जुन्या कागदांचे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शैक्षणिक काम करणाऱ्या सेवाभावी संस्था नाव आणि बोधचिन्ह बदलतात, त्यात वावगे काही नाही. काम एका तालुक्यातून पाच जिल्ह्यांत पोचले की जुने नाव तोकडे पडते. नव्या नावाच्या पत्रकासोबत शाळांकडे शिष्यवृत्ती, फिरती प्रयोगशाळा, शिक्षक प्रशिक्षण अशा संधींची यादीही येते. मात्र जुन्या नावाने झालेले करार, वाटलेली प्रमाणपत्रे आणि चालू शिष्यवृत्त्या यांची जबाबदारी आता कोणाची, हे त्या पत्रकात क्वचितच लिहिलेले असते. ते लेखी मागून घेणे हा शाळांचा हक्क आहे.

मुख्याध्यापकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट विचारावी. फक्त पाटी बदलली, नोंदणीतले नाव बदलले, की संस्थाच नवी निघाली? ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पॅन. जुन्या आणि नव्या कागदांवर पॅन एकच असेल, तर नाव काहीही असो, संस्था तीच आहे. पॅन वेगळा असेल तर ती कायद्याने दुसरी संस्था आहे. जुना सामंजस्य करार तिला आपोआप लागू होत नाही, तो नव्याने करावा लागतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेने नोंदणीतले नाव बदलले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. नुसता अर्ज दाखल झाला म्हणजे नाव बदलले असे होत नाही. चौकशी होऊन आदेश निघतो आणि मग परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, नवी नोंद पडते. म्हणून 'अर्ज केला आहे' या उत्तरावर थांबू नये. आदेशाची प्रत किंवा परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागावा, तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी.

सर्वांत जास्त नुकसान प्रमाणपत्रांत होते. आठवीतल्या मुलीला मिळालेले लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र घ्या. खालच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. त्या चौकोनात बहुतेक वेळा संस्थेच्या जुन्या संकेतस्थळाचा पत्ताच छापलेला असतो, आणि छापलेला कोड नंतर दुरुस्त होत नाही. नाव बदलल्यावर जुन्या डोमेनचे, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या पत्त्याचे, वार्षिक शुल्क भरायचे राहिले, की चार वर्षांनी महाविद्यालयात कोणी तो कोड तपासला तर पान उघडत नाही. त्याहून वाईट म्हणजे सोडलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो. मग शाळकरी मुलीच्या प्रमाणपत्रावरून भलतेच पान उघडते. संस्थेने जुने डोमेन निदान दहा वर्षे स्वतःकडे ठेवावे आणि तिथून नव्या पत्त्यावर वळण द्यावे. नव्या लेटरहेडवर आणि प्रमाणपत्रांवर 'पूर्वीचे नाव अमुक' ही ओळ असावी. जुने प्रमाणपत्र परत घेऊन नवे छापून देण्याचा आग्रह मात्र नको. त्यात तारीख आणि क्रमांक बदलतात आणि तपासणीत नवीनच घोळ होतो.

देणगीच्या वस्तूंचेही तसेच. टॅबलेट, दुर्बीण, विज्ञान पेटी शाळेला कायमची दिली की वापरायला, हे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) दात्याचे तेव्हाचे नाव, तारीख आणि पत्राचा जावक क्रमांक यांसह लिहिलेले असावे. टॅबलेटकडे खास लक्ष द्यावे. ते बहुधा संस्थेच्या व्यवस्थापक खात्याला जोडलेले असतात. जुने खाते बंद झाले आणि कोणी टॅबलेट रिसेट केला, की तो त्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून बसतो. खाते बंद होण्याआधी प्रत्येक टॅबलेट त्यातून मोकळा करून घ्यावा. मुलांची लॉगिन जुन्या डोमेनवर असतील तर त्यांचे प्रकल्प आणि गुणपत्रके आधीच उतरवून घ्यावीत.

शिष्यवृत्ती दोन-तीन वर्षांची असेल, तर 'उरलेले हप्ते पूर्वीच्याच अटींवर चालू राहतील' असे पत्र विद्यार्थ्याच्या नावाने घ्यावे. पासबुकात अचानक वेगळ्या नावाने रक्कम दिसली, तर महाविद्यालयाला दाखवायला तेच पत्र उपयोगी पडते. नव्या डोमेनवरून आलेले मेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात. मुलाखतीची तारीख अशीच हुकते. अर्ज केल्यानंतर ते फोल्डर रोज उघडून पाहणे आणि संस्थेने फोन किंवा एसएमएसनेही कळवणे, दोन्ही हवे. याच काळात 'नवे नाव, नवी लिंक, नोंदणी शुल्क भरा' असे खोटे संदेशही फिरतात. पैसे भरण्यापूर्वी शाळेकडे असलेल्या जुन्या क्रमांकावर फोन करावा. संदेशात दिलेल्या क्रमांकावर करू नये.

मुलांची माहिती हा नाजूक भाग. संस्था खरोखरच नवी असेल, तर जुन्या संस्थेला दिलेली संमती तिला चालत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. शाळेने पूर्ण हजेरीपट पाठवून मोकळे होऊ नये.

संस्थांनाही एक सांगणे आहे. 'नवा उपक्रम' म्हणून येणाऱ्या काही परीक्षा जुन्याच असतात, फक्त पातळ्यांची नावे बदललेली असतात. जुनी दुसरी पातळी म्हणजे नवी कोणती, याचा तक्ता पत्रकासोबत जोडावा, म्हणजे उत्तीर्ण झालेल्या मुलाला तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागणार नाही. अर्जाचा नमुना मराठीत आणि छापील स्वरूपातही ठेवावा. दोन शिक्षकी शाळेत केवळ ऑनलाइन इंग्रजी अर्जामुळे संधी हातची जाते. हे सगळे कागद एप्रिलअखेर शाळेत पोचले, तर जूनमध्ये शाळा भरताना कोणत्या वर्गाला काय मिळणार हे शिक्षकांना पालकांना सांगता येईल.

आपले,
शाळा व संस्था समन्वयाचे काम करणारे कार्यकर्ते