धुरापेक्षा अळ्या शोधा

डेंग्यूचे रुग्ण वाढले की महापालिकेची धूरफवारणीची गाडी फिरते आणि काहीतरी चालले आहे, असे लोकांना वाटते. (फोटोही छान येतात!) पण धुराने मरतात ते उडते डास. फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या तशाच राहतात आणि आठवडा-दहा दिवसांत नवी फौज तयार होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तर कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून काही महिने तग धरतात. भांडे नुसते उपडे करून भागत नाही, घासावे लागते. किती घरे तपासली, किती घरांत अळ्या सापडल्या, हे आकडे दर आठवड्याला प्रभागवार जाहीर व्हावेत. रुग्णसंख्या कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि कुलूपबंद घरे, रखडलेली बांधकामे कोण तपासणार?

– एक वाचक