उंदरापासून सुरू कर

नागपूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सेमिनारला टीआयआर डोमेन, म्हणजे रोगाची खबर पेशीत पुढे पोचवणाऱ्या प्रथिनांतला एक ठरावीक घडीचा तुकडा, मिळाला म्हणून तू काल फोनवर कुरकुरत होतीस. मधे पाच बीटा पट्ट्या, भोवती हेलिक्स, संपलं! बेटा, पट्ट्या मोजत बसलीस तर समोरचे जांभया देतील. उंदरापासून सुरू कर.

सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांना एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विष) टोचलं तरी ते ठणठणीत राहत. पण साल्मोनेला जिवाणू शिरला की हेच उंदीर लवकर मरत. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला कारण सापडलं. टीएलआर४ या जिवाणू ओळखणाऱ्या रिसेप्टरमध्ये ७१२व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन आलं होतं. बस्स, एवढंच. ही जागा पेशीच्या आतल्या बाजूला, टीआयआर डोमेनच्या बीबी लूप नावाच्या वळणावर येते आणि एका टीआयआरने दुसऱ्याला धरण्यात हा लूप महत्त्वाचा. तिथेच बिघाड, त्यामुळे बाहेर जिवाणूची चाहूल लागूनही आत हालचाल शून्य. २०११ च्या नोबेलमध्ये बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन हे दोघे होते ते याच विषयासाठी. हॉफमन यांचं काम फळमाशीतल्या टोल या टीएलआरच्याच कुळातल्या रिसेप्टरवर.

पुढची साखळी भरभर सांग. रिसेप्टरला आतून जोडल्या जाणाऱ्या मायडी८८ प्रथिनाच्या एका टोकाला टीआयआर, दुसऱ्या टोकाला डेथ डोमेन हा वेगळा जोडणारा तुकडा. त्या टोकाने तो आयआरएके४ या एन्झाइमला गोळा करतो आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी हा जनुकांचा स्विच केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं चालू करतो. टीएलआर४ चा भाऊबंद टीएलआर३ मात्र मायडी८८ वापरत नाही, त्याचं काम ट्रिफ या दुसऱ्या प्रथिनावर चालतं. हे कोणीतरी विचारणारच.

खरी गंमत झाडांत आहे. काटोलचे मामा परवा संत्र्याच्या डिंक्या रोगावर औषध घ्यायला आले होते. झाडांतही हा डोमेन असतो म्हटल्यावर विचारतात कसे, "मंग झाडाले बी ताप येते का भाऊजी?" ताप नाही, पण लागण झालेल्या जागेच्या पेशी स्वतःच मरतात आणि रोग तिथेच अडतो. तंबाखूच्या एन जनुकातल्या टीआयआरमुळे मोझॅक विषाणू असाच थोपवला जातो. झाडांतला टीआयआर नुसता धरत नाही, एनएडी हा पेशीला ऊर्जेसाठी लागणारा रेणू तोडतो, म्हणजे चक्क एन्झाइम आहे. आपल्या मज्जापेशींतला सार्म१ या प्रथिनाचा टीआयआर सुद्धा तेच करतो. घडी तीच, कामं दोन. शेवटची पाच मिनिटं यालाच ठेव, मायडी८८ ला नको.

मामा संत्र्यांची पेटी पाठवणार आहेत. होस्टेलवर दुपारी ती घ्यायला कोण असतं ते कळव.

तुझा
बाबा