बाथचं रॉयल क्रेसेंट, पुढून आणि मागून

प्रिय मन्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जाऊन आलो. रोमन लोकांचे ते हौद सगळे बघतात तसे बघितले, गर्दी फार होती, सटकलो. खरी मजा आली रॉयल क्रेसेंटला. तिथे सारखी तुझी आठवण येत होती, कारण शेवटी ती गोष्ट बिल्डरचीच आहे रे.

30 घरं एकमेकांना चिकटून, मधल्या भिंती सामायिक, आपल्याकडच्या रो-हाऊससारखीच म्हण, फक्त सरळ रांग नाही तर अर्ध्या लंबगोलात वळवलेली आणि पुढ्यात उतरत जाणारं मोठ्ठं हिरवं लॉन. 1767 ला काम सुरू झालं आणि सातेक वर्षं चाललं. आर्किटेक्ट जॉन वुड, पण धाकटा. बापाचं नावही जॉन वुडच, त्याने जवळच सर्कस नावाचा गोल चौक काढला, 1754 मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी म्हातारा गेला, मग पोराने ते पुरं केलं आणि हे क्रेसेंट हातात घेतलं. तळमजला मुद्दाम एकदम साधा ठेवलाय आणि त्यावर दोन-दोन मजले उंचीचे 114 आयोनिक खांब, म्हणजे माथ्याला गुंडाळीसारखी नक्षी असलेले ग्रीक धाटणीचे. लांबून वाटतं एकच राजवाडा आहे. राजा कुठला आलाय, बरेच लोक सीझनपुरते भाड्याने राहायचे! गाऊटवर, म्हणजे सांधे सुजण्याच्या दुखण्यावर, इथलं गरम पाणी प्यायचं, रात्री पत्ते, नाच आणि पोरींची लग्नं जुळवायची, त्यासाठी श्रीमंतांना पत्ता झकास हवा असायचा.

आता स्कीम ऐक. वुडने गॅरार्ड घराण्याकडून जमीन घेतली, प्लॉट पाडले आणि वेगवेगळ्या पार्ट्यांना दिले. अट एकच, दर्शनी भाग माझ्या ड्रॉइंगप्रमाणेच झाला पाहिजे, मागे काय वाट्टेल ते करा. आपला माणूस आणा, खोल्या हव्या तशा पाडा, जिना कुठे घ्यायचा तुम्ही ठरवा. म्हणून मी मुद्दाम वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो तर काय सांगू, कुणाचं छप्पर वर कुणाचं खाली, कुणी बाहेर आलाय कुणी आत गेलाय, खिडक्या जमेल तिथे, भिंतीवरून पाइप लोंबतायत. समोरून सगळे टाय लावून ग्रुप फोटोला उभे आणि मागे शर्ट बाहेर आलेले! खरं सांगू, मला ती मागची बाजूच जास्त आवडली. तिथे कळतं की ही घरं वेगवेगळ्या डोक्यांनी बांधलीत.

दगड तिथलाच, आसपासच्या टेकड्यांतला मधाच्या रंगाचा चुनखडी. खाणीतून निघाल्यावर मऊ असतो, कापायला-कोरायला सोपा. कोळशाच्या धुराने पुढे सगळं शहर काळंकुट्ट झालं होतं, ते नंतर साफ केलं. खिडक्यांची उंची बघ म्हणजे घरातली पायरी कळते, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना म्हणून तिथल्या सगळ्यात उंच, वर वर जाताना बुटक्या आणि छपराखालच्या खोल्या नोकरांना. लॉनच्या मधे हा-हा नावाचा चर आहे, एका बाजूने भिंत बांधलेला. गुरं घरापर्यंत येत नाहीत आणि खिडकीतून बघणाऱ्याला मधे कुंपण दिसत नाही. डोकं बघ!

1 नंबरचं घर आता म्युझियम आहे. किचनमध्ये भिंतीवर उंच लाकडी चाक लावलंय, त्यात कुत्रं सोडायचे, ते पळायचं आणि खाली जाळावर मांसाची सळई फिरायची. मी बराच वेळ तिथेच उभा, बायको पार दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. 11 नंबरमधून 1772 मध्ये एलिझाबेथ लिनली ही गायिका नाटककार शेरिडनबरोबर फ्रान्सला पळून गेली. आणि 22 नंबरचा दरवाजा पिवळा! 1970 च्या दशकात तिथल्या बाईंनी तो रंगवला, कौन्सिल म्हणालं बाकीच्यांसारखा पांढरा करा, बाई हटल्या नाहीत आणि जिंकल्या.

17 नंबरवर मात्र थबकलोच. तिथे आयझॅक पिटमन राहायचा, 1897 मध्ये तिथेच वारला. तोच रे, काकूंनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्याचं शॉर्टहँड शिकलं तो! त्यांना नक्की सांग. एप्रिल 1942 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात 2 आणि 17 ही दोन घरं आतून जळून गेली, पुन्हा बांधली, पण समोर उभं राहून ओळखून दाखव. मला तरी नाही जमलं.

संध्याकाळी टेकडीवरच्या कॅम्डन क्रेसेंटला गेलो. हे 1788 च्या सुमाराचं, जॉन एव्हली नावाच्या आर्किटेक्टचं. दारांवरच्या कमानीच्या दगडात चक्क हत्तीची डोकी कोरलीत, लॉर्ड कॅम्डनच्या घराण्याची खूण म्हणून. पण काम चालू असतानाच डोंगर घसरला, पूर्वेचं टोक सोडूनच द्यावं लागलं, त्यामुळे जो त्रिकोणी माथा बरोब्बर मधे यायचा तो आता एका बाजूला पडलाय. त्याच्याखाली खांबही 5, म्हणजे ऐन मध्यावर मोकळी जागा हवी तिथे खांब! जाणकार अजून नाकं मुरडतात म्हणे. फोटो वेगळे पाठवतो, ते बघ आणि असल्या उतारावर तू फाउंडेशनला काय केलं असतंस ते नीट लिहून पाठव, नुसता अंगठा नको.

काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
पक्या