गाडी कुठून नेणार ते कळले, थांबणार कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात गोव्यात येऊ घातलेल्या लाइट रेलच्या, म्हणजे हलक्या शहरी रेल्वेच्या, मार्गांवर पानभर चर्चा वाचली. विद्वानांचे आभार. नकाशात म्हापसा-पर्वरी-पणजी-वेर्णा-मडगाव ही रेषा चांगली ठसठशीत आणि फोंड्याकडे येणारी तेवढी तुटक. तुटक म्हणजे म्हणे 'दुसरा टप्पा'. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळते.

एका गृहस्थांचे म्हणणे, म्हार्दोळ-फर्मागुडीची चढण या गाडीला झेपणार नाही. लिस्बनमध्ये 1901 पासून विजेच्या ट्रामा धावताहेत. तिथल्या आल्फामा भागाच्या चढणी त्या रोज चढतात आणि त्यांच्यापुढे आमची फर्मागुडी म्हणजे मैदानच. साडेचारशे वर्षे इथे ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांनी आपल्याला पाव भाजायला शिकवले, ट्रामांचे सांगायचे बहुधा राहून गेले.

ते असो. मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. एवढ्या चर्चेत गाडी थांबणार कुठे आणि उतरलेला माणूस घरी जाणार कसा, याबद्दल अवाक्षर नाही. कोकण रेल्वेच्या वेळी हेच झाले. किनाऱ्याकडून न्यायची की अंतर्भागातून, खाजन शेतीचे काय, यावर सगळा गोवा भांडला, ओझा आयोग बसला. 1998 मध्ये मार्ग पुरा झाला तेव्हा पणजीवाल्यांच्या नशिबी करमळी आले, म्हापशाच्या नशिबी थिवी. फोंड्याच्या नशिबी काहीच नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी आते मुंबईहून आली, कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायला. पावसाळी वेळापत्रक, त्यात गाडी लेट. तिला घेऊन बाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. स्टेशनाचे नाव लिहीत नाही, उगाच एकालाच कशाला? बसचा पत्ता नाही, रिक्षा नाही. दोन टॅक्सी तेवढ्या उभ्या. फोंड्याला किती, असे विचारल्यावर जो आकडा कानावर पडला, त्यात आतेचे मुंबईचे जाण्यायेण्याचे तिकीट निघून वर चहा-भजी झाली असती. घासाघीस करू लागलो तर चालक सीटवरून न हलता म्हणाला, ''येवपाचें जाल्यार येयात, ना जाल्यार सकाळमेरेन रावात.'' (यायचे तर या, नाही तर सकाळपर्यंत थांबा.) आते ऐंशीच्या घरातली, गुडघ्याला पट्टा, देवीची साडी भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेली. दिले पैसे, काय करणार! वाटेत ती एवढेच म्हणाली, ''अरे, तुमच्याकडे रेल्वे आली म्हणाला होतास ना रे?''

आता मला या जाड रेषेचे कौतुक कोणी सांगू नये. पणजी-मडगाव शटल बस इतकी वर्षे का चालते? आधी रांगेत तिकीट, मग गाडी, मध्ये थांबा नाही, हे खरेच. पण मुळात ती बसस्थानकावरून सुटते. लाइट रेलचे स्टेशन माळरानावर बांधले आणि पुढे पुन्हा त्याच टॅक्सीवाल्याचे पाय धरायचे असतील, तर मार्ग अ घ्या नाही तर ब, आम्हाला काय त्याचे? बांबोळीला थांबा देणार म्हणता, तो गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीच्या दारात देणार की पेशंटला हायवेवर उतरवून वर पाठवणार? हे विचारले की अधिकारी म्हणणार, तो नंतरचा प्रश्न. मडगावात खांबांवरच्या रुळांखाली लटकत धावणारी स्कायबसही चित्रात सुरेख दिसत होती. 2004 च्या चाचणीत अपघात झाला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे ते खांबही काढून टाकले.

तेव्हा पुढच्या चर्चेला तज्ज्ञ बोलवाल, त्यात रात्रीच्या गाडीने येणारा एखादा तरी असू द्या. त्याला कोट-टाय नसेल, पण कोणत्या फाट्यावर अंधार असतो ते तो न चुकता सांगेल.

जाता जाता आणखी एक. आपल्या नकाशात फोंडा नेमका दंतवैद्याच्या जाहिरातीखाली गेला आहे. शिवाय आपला रविवारचा अंक आमच्याकडे नऊ वाजल्याशिवाय येत नाही. एजंटला विचारले तर तो म्हणतो, बस चुकली.

आपला,
एक वाचक, फोंडा