नियमित लेखनाला ठरलेला वार हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

6 जानेवारीला राज्यभर दर्पण दिन साजरा झाला. ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले हे गाव आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात असल्यामुळे येथील शाळा-महाविद्यालयांत या दिवशी वृत्तपत्रांविषयी आवर्जून बोलले जाते. नव्या वर्षाचे संकल्पही तेव्हा ताजे असतात, आणि अनेक मुले-मुली ‘यंदापासून रोज काहीतरी लिहीन आणि लोकांना वाचायला देईन’ असे ठरवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचे लेखन संक्रांत उलटेपर्यंत थांबलेले असते. मुलांकडे चिकाटी नाही असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु दोष त्यांच्या स्वभावात नसून संकल्प ज्या पद्धतीने केला जातो त्या पद्धतीत आहे, आणि तो दूर करता येण्याजोगा आहे, असे मला अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्या ‘दर्पण’चा आपण गौरव करतो ते 1832 साली निघाले तेव्हा पाक्षिक होते, आणि काही महिन्यांनी, मे महिन्यात, साप्ताहिक झाले. आधी झेपेल एवढे अंतर ठेवायचे आणि काम हाताशी बसल्यावर ते कमी करायचे, हा क्रम आमचे विद्यार्थी उलटा करतात. ते ‘रोज’पासून सुरुवात करतात, परीक्षा किंवा घरातले लग्न आले की पहिला खाडा पडतो, आणि या खाड्यानंतर जे घडते ते मला सर्वांत घातक वाटते. इतके दिवस गप्प राहिल्यावर आता लिहायचे तर काही विशेष लिहिले पाहिजे, अशी भावना मनात घर करते. ते विशेष काही सुचत नाही, म्हणून खंड आणखी लांबतो, आणि खंड जितका लांबतो तितकी पुढच्या लेखाकडून असलेली अपेक्षा वाढत जाते. खंड पडला तर त्याची कारणे न देता, माफी न मागता, पुढच्या ठरलेल्या दिवशी नेहमीसारखे साधे टिपण लिहून मोकळे व्हावे, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

एकट्याने सातत्याने लिहिणाऱ्यांची परंपरा मराठीत मोठी आहे, पण आपण तिच्याकडे विचारांच्या इतिहासाच्या अंगाने पाहतो, लेखनाच्या शिस्तीच्या अंगाने क्वचितच पाहतो. लोकहितवादींनी, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांनी, सरकारी नोकरी सांभाळून 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात 108 पत्रे लिहिली. विषय समोर ठेवून बेताच्या लांबीचे पत्र लिहायचे, ही चौकट त्यांनी घेतली नसती तर नोकरीच्या व्यापात एवढे लेखन झाले असते का, याविषयी मला शंका आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाला’ या मासिकाचे 84 अंक निघाले आणि ते जवळजवळ संपूर्ण त्यांनी स्वतः लिहिले, त्याच वर्षांत त्यांची रत्नागिरीला बदली झाली, त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलही सुरू केले.

रघुनाथ धोंडो कर्व्यांचे उदाहरण तर मी मुलांना प्रत्येक वर्षी सांगत असे. ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांचे मासिक जुलै 1927 मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर 1953 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांनी ते चालवले. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे प्राध्यापकाची नोकरी आधीच गेली होती, अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला, वर्गणीदार थोडे, पैसा त्याहून थोडा. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. स्वतः बाबासाहेबांनीही ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून भरले होते. अशा स्थितीत कर्व्यांनी 26 वर्षे मासिक चालवणे हे केवळ निश्चयाच्या बळावर होत नाही. कर्व्यांच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर होते. ज्याने प्रश्न पाठवला आहे तो पुढच्या अंकाची वाट पाहतो आहे, हे ठाऊक असलेल्या लेखकाला ‘आज काय लिहू’ हा प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही. लेखनाची सवय टिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

या सर्वांना बाहेरूनही एक धाक होता. वर्गणीदाराने पैसे आधी भरलेले असत, छापखान्यात खिळे जुळवणारा मजकुरासाठी खोळंबलेला असे, आणि टपालाची सवलत टिकवायची तर नियतकालिक नियमाने टपालात पडावे लागे. आज मोबाइलवर लिहिलेले क्षणात शेकडो लोकांपर्यंत जाते, छपाईचा आणि टपालाचा खर्च नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या खर्चाबरोबर तारखेचे बंधनही गेले. एकट्याने लिहिणाऱ्याला ते आता स्वतः निर्माण करावे लागते. त्यासाठी वार ठरवून तो वाचकांना जाहीर सांगावा. लिहिण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचा दिवस वेगळा ठेवावा, म्हणजे खर्डा रात्रभर बाजूला राहतो आणि सकाळी मोठ्याने वाचताना नको असलेली वाक्ये आपोआप कळतात. दोन-तीन लेख नेहमी शिलकीत असावेत आणि ते आजारपणात, परीक्षेत किंवा गणपतीच्या दिवसांत वापरावेत. किती जणांनी पसंतीची खूण केली हे पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा एखाद्या वाचकाला उत्तर लिहावे. पुढचा विषय पुष्कळदा तेथेच मिळतो.

आपल्याकडील दिवाळी अंकांची प्रथा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे, आणि तिने मराठी साहित्याला जे दिले त्याचे मोल मी जाणतो. तरीही नवोदितांच्या बाबतीत तिचा एक परिणाम मला दिसतो: श्रावण-भाद्रपदात एक कथा किंवा लेख पाठवायचा आणि मग पुढच्या मागणीपर्यंत लेखणी बाजूला ठेवायची, अशी हंगामी लेखनाची सवय त्यांना लागते. वर्षातून एकदा लिहिलेल्या दहा पानांपेक्षा दर आठवड्याला लिहिलेल्या दीडशे शब्दांनी नवशिक्याचा हात अधिक लवकर वळतो, असे माझे शिक्षक म्हणून मत आहे. महाविद्यालयांतील भित्तिपत्रकांची गतही अशीच झाली आहे. पूर्वी नियमाने बदलला जाणारा तो कागद आता पाहुणे येणार असतील तेव्हाच बदलतो.

या संदर्भात आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दीडशे शब्दांची जागा नव्या लेखकांसाठी राखून ठेवावी. ती निरनिराळ्या लोकांच्या एकेका लेखासाठी नसावी, कारण तशी सदरे आहेत आणि त्यांतून सवय लागत नाही. एकाच व्यक्तीला सलग तीन महिने ती जागा द्यावी, मजकूर प्रसिद्धीच्या दोन दिवस आधी कचेरीत पोहोचला पाहिजे अशी अट घालावी, आणि वाचकांची पत्रे त्या लेखकाकडे पाठवावीत. विषय कोणताही चालेल: आंबा कलमांची निगा, गावातील दशावताराचा प्रयोग, एसटीचा रोजचा प्रवास, आजीकडून ऐकलेले मालवणी शब्द. मानधन नसले तरी चालेल, पण मजकूर उशिरा आल्यास तो आठवडा त्या लेखकाचे नाव देऊन जागा कोरी सोडावी. पहिल्या वर्षासाठी इच्छुक विद्यार्थ्यांची यादी करण्याचे आणि त्यांचे खर्डे आधी वाचून देण्याचे काम मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य करू.

आपला,
मराठीचा एक निवृत्त शिक्षक, कणकवली