संगणक भंगारात काढण्याआधी डिस्क आणि ड्राइव्ह तपासा

महोदय,

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. तेव्हापासून शाळांचे संगणक कक्ष, ग्रंथालये, सोसायट्यांची कार्यालये अशा ठिकाणच्या जुन्या मशीनचे काय करायचे, हा प्रश्न आहे. ‘फॉरमॅट मारून दुसरी सिस्टीम टाका’ असे कुणी सुचवते, डिस्क घालून प्रयत्न होतो, तो फसतो आणि ‘हार्डवेअर सपोर्ट करत नाही’ असे सांगून मशीन भंगारात निघते. हे निदान फार घाईचे असते. सिस्टीम टाकताना गाडी चार ठिकाणी अडू शकते. मशीन डिस्कवरून सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन मध्येच ड्राइव्ह दिसेनासा होतो, किंवा हार्ड डिस्क सापडत नाही वा नाकारली जाते, किंवा फाइली कॉपी होता होता काम थांबते. चारही ठिकाणची कारणे वेगळी असतात आणि त्यांतल्या फारच थोड्यांवर ‘मशीन जुने आहे’ हे उत्तर लागू पडते.

आधी डिस्क. सीडीवर ७०० एमबी मावतात, साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि दुहेरी थराच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी. विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीची फाइल ५ जीबीच्या पुढे जाते, म्हणजे साध्या डीव्हीडीवर ती बसतच नाही. लिनक्स मिंट २२ या मोफत सिस्टीमची फाइल ३ जीबीच्या आत आहे, ती बसते. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची नेटवर्कवरून उरलेला भाग उतरवून घेणारी छोटी आवृत्ती त्याहून बरीच लहान असते. ड्राइव्हच्या ट्रेवर फक्त ‘कॉम्पॅक्ट डिस्क’चे चिन्ह असेल, तर त्यात डीव्हीडी कितीही वेळा घातली तरी वाचली जाणार नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, त्यामुळे तिथे सेटिंग बदलून काही साधत नाही. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकत्र प्रतिमा) गाण्यांच्या फाइलसारखी डिस्कवर कॉपी करणे. डिस्क उघडल्यावर आत एकच फाइल दिसली, तर ती डिस्क बूट होणार नाही, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू होणार नाही. ‘इमेज बर्न करा’ हाच पर्याय घ्यावा, वेग ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवावा आणि शेवटी पडताळणी होऊ द्यावी. बर्न करण्याआधी फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे दाखवणारा) मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून घ्यावा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते. खिडकीजवळच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या घरी बर्न केलेल्या डिस्कवर विसंबू नये, ऊन आणि उष्णतेने तिच्यातला रंगद्रव्याचा थर खराब होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या टप्प्यावर होतो. डिस्कवरून मशीन सुरू झाले, निळा किंवा काळा पडदा आला, भाषा निवडली आणि मग इन्स्टॉलर (सिस्टीम टाकणारा प्रोग्राम) म्हणतो, ‘सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही’. त्याच ड्राइव्हमधून तर हा कार्यक्रम सुरू झाला! पण यात विसंगती नाही. सुरुवातीचा भाग बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच असलेला प्रोग्राम) स्वतःच्या सोयीने वाचून देतो. १९९५ च्या एल टोरिटो या मानकाने सीडीवरून बूट होण्याची ही पद्धत ठरवून दिली. त्यानंतर इन्स्टॉलर स्वतःचा कारभार हातात घेतो आणि ड्राइव्ह ज्या कंट्रोलरला (बोर्डावरच्या चिपला) जोडलेला आहे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, स्वतःजवळ शोधतो. तो नसेल तर हातातली डिस्क त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. इंटेलने २००६ च्या सुमारास बोर्डावरच्या मुख्य चिपसेटमधून आयडीई ही रुंद केबलची जुनी जोडणी काढून टाकली. मग बोर्ड बनवणाऱ्यांनी जेमायक्रॉनसारख्या वेगळ्या चिपवर आयडीई पोर्ट दिला आणि त्या काळच्या अनेक इन्स्टॉलरना ती चिप ओळखूच येत नसे. अशा बोर्डावर साटा या नव्या, अरुंद केबलच्या जोडणीचा डीव्हीडी ड्राइव्ह लावला, की प्रश्न बहुधा मिटतो.

विंडोज ७ ची गोष्ट तशीच, पण यूएसबीच्या बाबतीत. तिच्या डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह निळ्या पोर्टला लावला तर हाच संदेश येतो, काळ्या यूएसबी २ पोर्टला लावला तर काम पुढे सरकते. २०१५ पासूनच्या, म्हणजे सहाव्या पिढीच्या इंटेल बोर्डांवर मात्र सगळेच पोर्ट यूएसबी ३ च्या कंट्रोलरवर चालतात, त्यामुळे पोर्ट बदलून भागत नाही. तिथे डिस्कच्या इमेजमध्ये ड्रायव्हर मिसळावा लागतो किंवा आतला साटा ड्राइव्ह वापरावा लागतो. कधी कधी तर कीबोर्ड-माउससुद्धा मुके होतात, ते याच कारणाने. डिस्क खराब बर्न झाली असेल तरीही विंडोज ७ हाच संदेश दाखवते, म्हणून ड्रायव्हरच्या शोधात रात्र घालवण्याआधी दुसरी डिस्क घालून पाहणे शहाणपणाचे.

बाहेरच्या ड्राइव्हला वीज पुरत नाही, हे तर कुणी तपासतच नाही. यूएसबी २ पोर्टकडून ५०० मिलीअँपिअर मिळण्याचा हिशेब असतो, डिस्क फिरायला लागताना पातळ ड्राइव्ह त्याहून जास्त ओढतो. ड्राइव्ह ‘टक-टक’ करतो, दिवा लागतो आणि विझतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टला जोडावा किंवा दोन तोंडांची केबल वापरावी. आयडीई ड्राइव्ह असेल तर मागचा जंपर बघावा; एका केबलवरच्या दोघांत पहिला (मास्टर) कोण आणि दुसरा (स्लेव्ह) कोण, हे ही छोटी टोपी ठरवते. हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह एकाच केबलवर आणि दोघेही ‘मास्टर’ असतील तर बायोसला एकही धड दिसत नाही. ८० तारांच्या केबलचे निळे टोक बोर्डाला, काळे मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला.

हार्ड डिस्क नाकारली गेली, की लोक एकदम पार्टिशन पुसायला घेतात, आणि डेटा जातो तो इथे. ‘डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ (जीपीटी म्हणजे हार्ड डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत) असा संदेश आला तर हार्ड डिस्कमध्ये काही बिघाड नसतो. तुम्ही डीव्हीडी जुन्या लेगसी (बायोसच्या) पद्धतीने बूट केलेली असते, एवढेच. मशीन पुन्हा सुरू करावे, बूट मेनू उघडावा (डेल व लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९) आणि त्याच ड्राइव्हच्या दोन नोंदींपैकी ‘यूईएफआय’ (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) हा शब्द असलेली निवडावी. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, कारण बायोसमध्ये व्हीएमडी ही इंटेलची एसएसडी हाताळण्याची सोय चालू असते. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उलगडून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा. व्हीएमडी बंद करूनही चालते, पण आधीची विंडोज जपायची असेल तर ते बटण सहज म्हणून दाबू नका, ती सुरू व्हायची थांबू शकते.

भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रांना जोडलेले विंडोज एक्सपीचे संगणक अजून भेटतात, त्यांचे दुखणे वेगळे. एक्सपीच्या मूळ डिस्कमध्ये एएचसीआय या साटाच्या नव्या मोडचा ड्रायव्हर नाही, म्हणून इन्स्टॉल करताना ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन येते. बायोसमध्ये साटाचा मोड ‘आयडीई’ किंवा ‘कंपॅटिबल’ केला की ती जाते. मात्र बायोसची सेटिंग जपणारा सीमॉसचा सेल उतरलेला असेल, तर वीज गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर परततो आणि तीच निळी स्क्रीन पुन्हा हजर. सीआर २०३२ हा गोल सेल ३ व्होल्टचा असतो, तो आधी बदला. एक्सपीच्या सर्व्हिस पॅकविना डिस्कला १३७ जीबीपुढची हार्ड डिस्क नीट कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि असा संगणक इंटरनेटला जोडू नये, एक्सपीची अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच संपली.

कॉपी होताना दर वेळी वेगळ्या टक्क्यावर अडत असेल, किंवा शेवटी ८००७०५७० हा क्रमांक येत असेल, तर डिस्कइतकाच संशय रॅमवर घ्या. एकेक पट्टी ठेवून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. दर वेळी त्याच ठिकाणी अडत असेल तर डिस्क किंवा फाइल सदोष.

खरोखर ‘सपोर्ट नाही’ अशीही ठिकाणे आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. पळवाटा काढून ती टाकणारे आहेत, पण २४एच२ आवृत्ती कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाही. त्याच कोअर टू ड्युओवर ६४ बिटचे हलके लिनक्स मात्र चालते. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर डेबियन १२ घ्यावे, १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर ठेवलेला नाही.

छपाई आणि डीटीपीवाल्यांनी सिस्टीम बदलण्याआधी हार्डवेअर लॉकचा, म्हणजे पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्या तुकड्याचा, विचार करावा. जुन्या मराठी फॉण्टच्या सॉफ्टवेअरचे लॉक पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टवर, बसतात. यूएसबीला लावायचे पॅरलल कन्व्हर्टर प्रिंटरपुरतेच असतात, त्यांवर हे लॉक सहसा ओळखले जात नाही. आतल्या स्लॉटमध्ये बसणारे पॅरलल कार्ड घेतले तरी सॉफ्टवेअरला जुना ३७८ हाच पत्ता लागत असेल तर अडचण येते. जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवावी, नव्या डिस्कवर प्रयोग करावा आणि लॉक चालल्याशिवाय जुनी पुसू नये.

दुरुस्तीच्या दुकानदारांना, विशेषतः पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या तपकीर गल्लीतल्या व्यावसायिकांना एक विनंती आहे. ‘मशीन सपोर्ट करत नाही’ असे बिलावर लिहिण्याऐवजी कोणत्या टप्प्यावर अडले, कोणता क्रमांक आला, कोणती डिस्क आणि कोणता पोर्ट वापरला, हे चार शब्दांत लिहावे. शाळा आणि संस्थांनीही त्या नोंदीशिवाय मशीन रद्द झाल्याचे मान्य करू नये. नोंदीनंतरही ते निकामीच ठरले, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावे, आणि हार्ड डिस्क त्याआधी काढून घ्यावी.

— एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, नारायण पेठ, पुणे